जुन्या गाडीचे नॉकिंग आणि हाय-ऑक्टेन पेट्रोल: आवाज पुन्हा पुन्हा का परततो?

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. गाडी पंधरा-वीस वर्षांची किंवा त्याहून जुनी आहे, एरवी ठीक चालते, पण चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. कोणीतरी सुचवते म्हणून मालक एकदा हाय-ऑक्टेन, म्हणजे पंपावर ‘प्रीमियम’ म्हणून मिळणारे पेट्रोल भरतो आणि आवाज थांबतो. पुढच्या वेळी साधे पेट्रोल भरले की आवाज पुन्हा हजर. असे तीन-चार वेळा झाले की निष्कर्ष ठरून जातो: गाडीचे वय झाले, आता तिला भारीच पेट्रोल लागणार.

हा निष्कर्ष मी स्वतः काढला होता आणि त्यापायी आठ महिने जादा पैसे मोजले होते, म्हणून त्यातली चूक नेमकी कुठे आहे ते सविस्तर लिहितो. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये साधे पेट्रोल पुरेसे असल्याचे लिहिले आहे, ती गाडी जर प्रीमियमवरच शांत राहत असेल, तर इंजिनात काहीतरी मूळच्या मापावरून सरकलेले आहे. प्रीमियमने ते दुरुस्त होत नाही, फक्त ऐकू येईनासे होते. अशा गाडीत प्रीमियमची एक टाकी भरणे जरूर उपयोगाचे आहे, पण ते निदानासाठी. टाकीमागून टाकी भरत राहिल्याने मूळ दुखणे जागच्या जागी राहते आणि कधीकधी वाढतेही.

ऑक्टेनचा आकडा काय सांगतो

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि ‘पॉवर’, ‘स्पीड’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या इंधनांमुळे तो आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात हा आकडा एवढेच सांगतो की दाब आणि उष्णता वाढत गेली तरी ते पेट्रोल ठिणगीची वाट पाहत किती टिकून राहते. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ती पोहोचेपर्यंत दूरच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ते ज्योतीच्या आधीच आपोआप पेटले, तर दाब एकदम उसळतो, त्याच्या लाटा धातूच्या भिंतींवर आदळतात आणि आपल्याला तो खुळखुळाट ऐकू येतो. हेच नॉकिंग. ऑक्टेन जितका जास्त, तितका हा आपोआप पेटण्याचा क्षण लांबतो. प्रीमियम पेट्रोल ‘सावकाश जळते’ असेही पुष्कळदा ऐकू येते, पण तेही बरोबर नाही. ज्योत पसरण्याचा वेग आणि आपोआप पेटण्याला होणारा विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही मोजपट्टी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२० च्या दशकात सुचवली. सहजी नॉक न होणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि लगेच नॉक होणाऱ्या एन-हेप्टेनला ० असे गुण दिले गेले. एखादे पेट्रोल या दोहोंच्या ९१ टक्के आणि ९ टक्के मिश्रणासारखे वागले तर त्याचा ऑक्टेन ९१. मोजणी आजही कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या एका खास एकसिलिंडरी इंजिनावर होते आणि ती दोन प्रकारे केली जाते. रिसर्च पद्धतीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात, तर मोटर पद्धतीत ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण बरेच तापवून. त्यामुळे त्याच पेट्रोलचा मोटर आकडा रिसर्च आकड्याहून साधारण ८ ते १० ने कमी येतो.

हा फरक इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. अनेक देशांत पंपावर रिसर्च आकडा, म्हणजे आरओएन, लिहिलेला असतो, तर अमेरिकेत आणि कॅनडात दोन्ही आकड्यांची सरासरी लिहितात. तिकडचे ८७ म्हणजे ढोबळमानाने ९१ आरओएन. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘९१’ वाचून साधे ९१ आरओएन भरणारे आणि मग नॉकिंगने हैराण होणारे मालक मी पाहिले आहेत. ते ९१ सरासरीचे असेल, तर त्या गाडीला ९५ च्या वरचे आरओएन हवे आणि तिच्यात दोष काहीच नाही. तेव्हा पाना हातात घेण्याआधी मॅन्युअल किंवा टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर नीट वाचावा. ‘आवश्यक’ आणि ‘शिफारस’ या शब्दांतही अंतर आहे. प्रीमियम आवश्यक म्हटले असेल तर वाद संपला, तेच भरावे. शिफारस म्हटले असेल तर कमी ऑक्टेनवर गाडी सुरक्षित चालते, थोडी शक्ती कमी मिळते. दोन्हींपैकी काहीच लिहिलेले नसेल आणि साधेच पेट्रोल सांगितले असेल, तर पुढचा सगळा मजकूर तुमच्यासाठी आहे.

ऊर्जेचा प्रश्न एका उदाहरणाने निकालात निघतो. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर आहे, पण एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच भरते. ऑक्टेन वाढला म्हणून ॲव्हरेज वाढेल, अशी खात्री म्हणूनच कोणी देऊ नये.

पूर्वी चालत होते, आता का चालत नाही?

हा प्रश्न रास्त आहे. इंजिन तेच, पेट्रोल तेच, मग वीस वर्षांनी त्याची भूक का बदलावी? सर्वांत सार्वत्रिक कारण म्हणजे कार्बन. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला वर्षानुवर्षे थर बसत जातो आणि तो दोन प्रकारे त्रास देतो. एक तर तो जागा व्यापतो. १२०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट हा आकडा, ९ असेल तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा ३७.५ सीसी. त्यातली फक्त २ सीसी कार्बनने खाल्ली तरी उरतात ३५.५ आणि रेशो ९.४५ होतो. कोणी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले नाही, तरी ते वाढले. दुसरे म्हणजे हा थर उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आत येणारे ताजे मिश्रण धातूला नव्हे तर तापलेल्या कोळशाला भिडते. या दोन्हींमुळे इंजिनाची ऑक्टेनची गरज काही अंकांनी वाढते आणि ती वाढ साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमधल्या फरकाएवढी सहज भरू शकते.

मात्र कार्बन हे एकमेव कारण नाही, आणि गॅरेजमध्ये ‘कार्बन धरलाय’ हे वाक्य जितक्या सहज उच्चारले जाते तितके तर मुळीच नाही. माझ्या गाडीत कार्बन नाममात्र होता.

एका टाकीची चाचणी

चाचणी शिस्तीने केली तरच तिला अर्थ आहे. टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावी, कारण अर्धी टाकी ९१ आणि अर्धी ९७ मिसळली की हाती साधारण ९४ पडते आणि उत्तर अर्धवट मिळते. आपल्या रोजच्या वाटेवरचा असा एक चढ निवडावा की जिथे आवाज हमखास येतो. साध्या पेट्रोलवर, इंजिन पूर्ण गरम असताना, ठरलेल्या गिअरमध्ये, ठरलेल्या वेगाने तो चढ दोनदा चढावा आणि वहीत नोंद करावी: आवाज कोणत्या वेगाला सुरू झाला, ॲक्सिलरेटर किती दाबलेला होता, तापमानाचा काटा कुठे होता, गाडीत माणसे किती होती. मग प्रीमियम भरून, निदान पाव टाकी वापरल्यावर, त्याच चढावर तेच पुन्हा करावे. नॉक सेन्सर (नॉकिंगचे हादरे ओळखणारे उपकरण) असलेल्या गाडीच्या संगणकाला नवे पेट्रोल ओळखायला काही अंतर लागते, म्हणून घाई करू नये.

आवाज मुळीच बदलला नाही, तर तो बहुधा नॉकिंगचा नाहीच, आणि प्रीमियमचा विषय तिथेच संपतो. सायलेन्सरच्या पाइपावरचे उष्णतारोधक पत्रे सुटले की हुबेहूब असाच खुळखुळाट करतात; गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिनाचे फेरे वाढवले तरी तो ऐकू येतो, नॉकिंग मात्र भार नसताना सहसा ऐकू येत नाही. सकाळी थंड इंजिनात खणखणणारा आणि गरम झाल्यावर निवळणारा आवाज पिस्टन सैल झाल्याचा असतो. खालून येणारा जड, घुमणारा ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्या आवाजावर गाडी पुढे हाकत नेणे धोक्याचे आहे. आधी ऑइलचा दाब तपासून घ्यावा.

आवाज थांबला, तर ते खरे नॉकिंग आहे एवढे पक्के झाले. आता शोध सुरू करायचा. तिसरी शक्यताही असते: मुळात आवाज नव्हताच, पण प्रीमियमवर गाडी अधिक मोकळी पळते असे जाणवले. तिच्याकडे शेवटी वळतो.

आवाज केव्हा येतो, यावरून दिशा ठरते

वहीतली नोंद इथे कामाला येते. कमी फेऱ्यांवर, पूर्ण भाराखाली, चढावर आवाज येत असेल तर संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, आणि कार्बनवर. सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात, पाय हलका ठेवलेला असताना टिकटिक येत असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू परत आत सोडणारी झडप) किंवा व्हॅक्यूम ॲडव्हान्स (हलक्या भारावर ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पाहावा. फक्त गर्दीत खोळंबून तापल्यावर येत असेल तर कूलिंग. गाडी लांब पल्ल्याच्या जोरात चालीवर, शेवटच्या टप्प्यात मागे ओढल्यासारखी वाटून नॉक करत असेल तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा पडतो आहे.

उष्णतेपासून सुरुवात करणे स्वस्त पडते. थर्मोस्टॅट अर्धवट चिकटलेला आहे का, रेडिएटरच्या पत्र्यांत किडे आणि धूळ गच्च बसली आहे का, पंखा वेळेवर सुरू होतो का, कूलंट पुरेसे आहे का, हे एका सकाळी पाहून होते. कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांत एअर फिल्टरच्या नळकांड्यात एक झडप असते. थंडीत इंजिन लवकर तापावे म्हणून ती एक्झॉस्टच्या अंगाची गरम हवा आत घेते आणि नंतर बाहेरच्या थंड हवेकडे वळते. ही झडप गरम बाजूलाच गंजून अडकली की इंजिन बारा महिने भट्टीतली हवा ओढत राहते आणि त्याचा परिणाम पेट्रोलच्या माथी मारला जातो. बोट घालून झडप हलते का ते पाहायला एक मिनिटही लागत नाही, तरी ती कोणी पाहत नाही.

मिश्रण पातळ होणे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणे, हे दुसरे कारण. चिरलेली व्हॅक्यूम नळी, मॅनिफोल्डची किंवा कार्ब्युरेटरच्या बुडाची गॅसकेट गळत असेल तर त्याचा त्रास आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, जास्त दिसतो. भाराखाली मात्र चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा अर्धे बुजलेले इंजेक्टर दोषी असतात. डायग्नोस्टिक सॉकेट असलेल्या गाडीत, म्हणजे अमेरिकी नियमाने १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल गाड्यांत, साध्या स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा, दिसतो. दीर्घकालीन आकडा अधिक १० टक्क्यांच्या पुढे असेल तर संगणक सतत जादा पेट्रोल ओतून कमतरता भरून काढतो आहे, असे समजावे.

ईजीआरबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. जळालेला थोडा वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून दहनाचे तापमान खाली आणणे हे त्याचे काम, आणि ज्या इंजिनात तो आहे त्याचे टायमिंग तो चालू आहे असे धरूनच आखलेले असते. तो ‘कटकट नको’ म्हणून बंद करून टाकला, की मध्यम वेगावर टिकटिक सुरू होते आणि मालकाला वाटते, पेट्रोल भेसळीचे आहे.

प्लग काढून पाहण्यासारखे निदान दुसरे नाही. भिंग घेऊन प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीकडे पाहावे. तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक कण दिसले तर नॉकिंग बराच काळ चालू आहे आणि ते कण बहुधा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत. चिनीमाती पांढरीफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लगचा ‘हीट रेंज’ (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता) चुकीचा. ओलसर काळे असेल तर ऑइल वर येते आहे. ऑइलचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन खाली ओढते. झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील असलेल्या, निळसर धूर सोडणाऱ्या इंजिनात तुम्ही ९७ भरले तरी आत पोहोचणारे मिश्रण ९७ चे राहत नाही.

टायमिंग, आणि माझे आठ महिने

माझी गाडी कार्ब्युरेटरची, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणारा भाग) असलेली. आवाज चढावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर येई आणि प्रीमियमवर पूर्ण थांबे. दोन वेळा गॅरेजमध्ये टायमिंग तपासले गेले. दोन्ही वेळा टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) पुलीवरची खूण बरोबर जागी होती, आणि दोन्ही वेळा ‘कार्बन असेल, भारी पेट्रोल टाकत राहा’ असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण खूण खरोखरच जागेवर होती. फक्त ती आयडलिंगला जागेवर होती.

डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन लहान वजने असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ती बाहेर झुकतात आणि ठिणगी हळूहळू लवकर पडू लागते. किती लवकर, हे त्यांना आवरून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा ठरवतात. एका रविवारी मी कॅप काढली, रोटर दोन बोटांत धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने हलकेच वळवला आणि सोडला. तो झटकन मागे यायला हवा होता. तो आळोखेपिळोखे देत, अर्धवटच आला. मग व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बुजवले, टायमिंग लाइट लावला आणि फेरे सावकाश वाढवले. सुमारे १५०० फेऱ्यांपर्यंत खूण इंचाइंचाने सरकायला हवी होती. तिने उडीच मारली. म्हणजे चढावर, जिथे ठिणगी सबुरीने पडायला हवी, तिथे ती वेगात चाललेल्या इंजिनाला साजेल इतकी लवकर पडत होती.

मग आठवले की दोन वर्षांपूर्वी डिस्ट्रिब्युटर बदलला होता. जुळणाऱ्या शाफ्टचा मिळाला म्हणून बसवलेला तो दुसऱ्याच इंजिनाचा होता आणि त्याच्या स्प्रिंगा नरम होत्या. नॉकिंग तेव्हापासूनच सुरू झाले होते. आवाज आधी क्वचित येई, म्हणून दोन्हींचा संबंध जोडलाच गेला नाही. योग्य ताणाच्या स्प्रिंगा बसवल्या, मॅन्युअलप्रमाणे टायमिंग लावले आणि साध्या पेट्रोलवर तोच चढ, त्याच गिअरमध्ये, आवाजाशिवाय पार झाला. स्प्रिंग बदलताना एक सावधगिरी: कित्येक डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन स्प्रिंगांपैकी एक मुद्दामच सैल बसवलेली असते, कारण तिचे काम वरच्या फेऱ्यांवर सुरू होते. सैल दिसली म्हणून ती ‘दुरुस्त’ करू नये.

हे सगळे प्रीमियमने झाकले होते. हे झाकणे वाईट कशासाठी, असे कोणी विचारील. एक कारण असे की पाय पुरेसा दाबला, दिवस पुरेसा तापला, तर ९७ सुद्धा अपुरे पडते, आणि जोरात चाललेल्या गाडीत हलके नॉकिंग वाऱ्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात त्या अशाच. दुसरे कारण, भलत्या टायमिंगने शक्ती आणि ॲव्हरेज दोन्ही जातच राहतात.

कार्बनच असेल तर

बाकी सगळे जागेवर असून नॉकिंग उरले, तर कार्बन मानायला हरकत नाही. इथे प्रीमियमच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, की त्यात स्वच्छता करणारी द्रव्ये जास्त असतात. काही कंपन्यांच्या प्रीमियममध्ये ती जास्त असतात हे खरे, पण त्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही, आणि तीच द्रव्ये चांगल्या साध्या पेट्रोलमध्येही असू शकतात. शिवाय ही द्रव्ये मुख्यतः इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह साफ ठेवतात. पिस्टनवरचा जुना, कडक थर त्यांनी सहसा सुटत नाही. त्यासाठी पॉलिइथरअमाइन असलेले क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात एका टाकीत घालून पाहावे आणि हे काम ऑइल बदलण्याच्या थोडे आधी करावे, कारण त्याचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो. एवढ्याने फरक पडला नाही तर बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून थर खरोखर आहे का ते पाहावे. हेड उघडण्याचा निर्णय त्यानंतरचा.

ज्यांची गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहे त्यांना एक वेगळी सूचना. टेट्राइथिल लेडचा नॉकविरोधी गुण थॉमस मिज्ली यांना १९२१ मध्ये सापडला आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल जगातून पूर्णपणे बंद झाले ते २०२१ मध्ये. ऑक्टेन वाढवण्याबरोबरच ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या नरम सीटवर पातळ लेप धरून त्यांची झीज रोखत असे. प्रीमियम पेट्रोल पहिले काम करते, दुसरे करत नाही. अशा इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर सीट खचत आहेत. कडक सीट बसवणे किंवा त्यासाठीचे खास द्रव्य वापरणे हाच उपाय.

आवाज नसताना प्रीमियमने गाडी मोकळी वाटली तर

नॉक सेन्सर असलेल्या गाडीत नॉकिंग कानावर येण्याआधीच संगणक ठिणगी काही अंश मागे खेचतो. आवाज येत नाही, पण पिकअप मंदावतो आणि ॲव्हरेज थोडे घसरते. प्रीमियम भरल्यावर संगणक ते अंश परत देतो आणि गाडी तरुण झाल्यासारखी वाटते. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत हा फरक ठळकपणे जाणवत असेल, तर वर सांगितलेल्यांपैकीच एखादा दोष आहे, फक्त तो मूक आहे. स्कॅनरवर त्याच चढावर दोन्ही पेट्रोलवरचे इग्निशन टायमिंग पाहावे. चार-पाच अंशांचे अंतर दिसले तर शोधायला जागा आहे. कधीकधी सेन्सर स्वतःच भ्रमात असतो: त्याचा बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त किंवा कमी आवळलेला असेल, किंवा एखादा सैल ब्रॅकेट शेजारी खडखडत असेल, तर तो त्यालाच नॉक समजून ठिणगी मागे घेत राहतो. अशा वेळी प्रीमियमने काडीचाही फरक पडत नाही आणि गाडी कायम सुस्त राहते.

दुरुस्ती होईपर्यंत मात्र नॉक करणारी गाडी साध्या पेट्रोलवर रेटू नये; तोवर प्रीमियम भरणे शहाणपणाचे आहे, आणि चढावर गिअर लवकर खाली घेणे त्याहून शहाणपणाचे, कारण कमी फेऱ्यांवर इंजिन कण्हत ठेवण्याइतके नॉकिंगला पोषक दुसरे काही नाही. टर्बो बसवलेल्या किंवा हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनाला प्रीमियम कायमचेच लागेल. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र ऑक्टेनपेक्षा ताजेपणा मोलाचा. टाकीत पडून पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, ते पेट्रोल साधे असो वा प्रीमियम.

सगळे तपासून, दुरुस्त करूनही कडक उन्हात भरल्या गाडीत थोडी टिकटिक उरलीच, तर डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत टायमिंग दोन अंश मागे घेऊन पाहावे. शक्ती थोडी कमी होईल. महिनाभराच्या नोंदीवरून ॲव्हरेज किती घसरले ते काढावे, त्याचा खर्च प्रीमियमच्या जादा खर्चाशेजारी मांडावा, आणि जो आकडा लहान असेल तसे चालवावे. माझ्या गाडीत दोन नव्हे, एकच अंश पुरला.